घरचं काजळ जरूर करा, पण ताटली कुठली घेताय ते बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या पुरवणीत घरच्या घरी नैसर्गिक आय मेकअप कसा करायचा यावर अर्धं पान आलं होतं. काजळ, कोळशाचा मस्कारा, बीटाची आयशॅडो, दालचिनीची ब्राऊन शेड, सगळं एकाच चौकटीत आणि खाली ठळक अक्षरात 'शंभर टक्के नैसर्गिक, कोणतेही साइड इफेक्ट नाहीत'. माझं सिडकोत छोटं पार्लर आहे. दुसऱ्याच दिवसापासून क्लायंट त्या पानाचा फोटो मोबाइलवर दाखवून विचारतायत, ताई हे करून बघू का. एकेकीला समजावण्यापेक्षा तुम्हालाच लिहावं म्हटलं, छापलं तर सगळ्याच वाचतील.

पहिलं सांगते, मी घरच्या काजळाच्या विरोधात नाहीये. आमच्याकडे आजही घरीच धरतात आणि मला तेच आवडतं. माझं भांडण आहे ते काजळ आणि बाकीच्या गोष्टी एका पंगतीत बसवल्या त्याच्याशी, आणि काजळाची कृतीसुद्धा अर्धवट दिली त्याच्याशी. पणती लावा, वर ताटली धरा, काजळी तुपात कालवा, झालं. अहो, असं चार ओळीत होतं का ते?

ताटलीपासूनच सुरू करू. लेखात 'तांब्या-पितळेची ताटली' असं सरसकट लिहिलंय. आपलं नाशिक तर तांब्या-पितळेच्या भांड्यांचंच गाव, तांबट आळी आहे, भांडी बाजार आहे, त्यामुळे घराघरात माळ्यावर आजीची ताटं-वाट्या पडलेल्या असतात आणि बायका तीच काढणार. पण त्यातल्या निम्म्या भांड्यांना आतून कल्हई असते. कल्हई म्हणजे कथील, ते साधारण २३२ अंशाला वितळतं, आणि पणतीची ज्योत त्याच्या कितीतरी पट गरम असते. ज्योत तासन्‌तास एकाच जागी लागली की तिथली कल्हई मऊ होऊन काजळीबरोबर खरवडली जाऊ शकते. वर कल्हईत स्वस्तातलं शिसं मिसळायची लबाडी जुनी आहे, म्हणजे डोळ्यात काय जाईल याचा नेम नाही. पितळेचंही तेच, काही पितळात शिसं मुद्दाम घातलेलं असतं, कापायला-कातायला सोपं जावं म्हणून. तेव्हा कल्हई नसलेलं नुसतं तांबं घ्या, नाहीतर सरळ स्टीलची ताटली घ्या. तांब्यानेच काजळ थंड होतं वगैरे आपल्याकडे म्हणतात, म्हणू देत, काजळी स्टीलवरही तशीच धरते.

तेलाचं पण लेखात नुसतं 'दिव्याचे तेल' लिहिलंय, आणि हे वाचून मी खरंच कपाळाला हात लावला. दुकानात पूजेचं तेल म्हणून ज्या बाटल्या मिळतात त्यावर बारीक अक्षरात खाण्यासाठी नाही असं लिहिलेलं असतं, त्यात बऱ्याचदा पेट्रोलियमचं तेल असतं, वास असतो, रंग असतो. जे खायला चालत नाही ते जाळून त्याची काजळी डोळ्याला कशाला लावायची? साधं, बिनवासाचं एरंडेल घ्या किंवा घरचं साजूक तूप. केसांना लावायचं सेंटवालं कॅस्टर ऑइल नको. एरंडेल घट्ट असतं म्हणून वात जाड लागते, बारीक वातीवर ते नीट चढत नाही आणि पणती सारखी विझते. वात कापसाची, घरी वळलेली. रंगीत वाती नकोत.

आता ताटली किती उंच धरायची. ज्योत मोकळी जळली तर तेल बरंचसं पूर्ण जळून जातं आणि काजळी फारशी मिळत नाही. ज्योतीचं टोक ताटलीला लागलं की ज्योत तिथे गार पडते, कार्बन पुरता जळत नाही आणि तो ताटलीला चिकटतो, तीच आपली काजळी. म्हणून दोन बाजूंना सारख्या उंचीच्या वाट्या ठेवून त्यावर ताटली अशी उपडी ठेवायची की टोक जेमतेम टेकेल. अगदी दाबून ठेवली तर पणती विझते, फार उंच ठेवली तर रात्रभर बसा आणि सकाळी चिमूटभर मिळवा. पंखा बंद हवा पण खोली कोंडलेली नको, गॅलरीत आडोशाला बरं, पडदे लांब, आणि पणती एकटी सोडून झोपायला जायचं नाही.

काजळी निघाली की ती मलमलच्या कपड्यातून चाळायचीच. हे लेखात नव्हतं. वातीचे जळके तंतू आणि कडक कण त्यात असतात, बोटाला लागत नाहीत पण बुबुळाला लागतात. मग थेंब थेंब तूप घालत मळायचं, कोरड्या स्वच्छ चमच्याने. नाशिकच्या थंडीत डिसेंबर-जानेवारीत तूप थिजून काजळ खडबडीत होतं आणि एप्रिल-मेमध्ये तेच वितळून गालावर येतं, म्हणून उन्हाळ्यात थोडं मधमाशीचं मेण वितळवून घालतात, त्याने बसतं. पाण्याचा थेंबही जाऊ द्यायचा नाही, कारण तूप आणि काजळीत जंतू सहज वाढत नाहीत, पाणी आलं की वाढतात. काही जणी शंभरदा धुतलेलं तूप घालतात, दिसायला छान लोण्यासारखं होतं, पण त्या तुपात पाणी अडकलेलं असतं हे लक्षात ठेवा, ते काजळ वर्षभर ठेवायचं नाही. आणि भीमसेनी कापूर! तो घातला की डोळ्यातून पाणी येतं आणि लोक म्हणतात बघा डोळे साफ झाले. डोळे साफ नाही झाले, डोळे चुरचुरले म्हणून पाणी आलं.

माक्याच्या रसात वात भिजवून वाळवायची, बदाम जाळायचा, याने म्हणे पापण्या दाट होतात. मला इतकंच समजतं की जळाल्यावर शेवटी हातात उरतो तो कार्बन, तेलाचा असो की बदामाचा. माक्यातलं जे काही चांगलं असेल ते ज्योतीतून तसंच्या तसं ताटलीवर येईल असं मला वाटत नाही. तरी परंपरा म्हणून वात भिजवायची तर भिजवा, नुकसान नाही, फक्त पूर्ण वाळवा. पण केस उगवतात असं छापू नका हो.

यावर कुणीतरी लगेच म्हणेल की आयुर्वेदात अंजन सांगितलंच आहे. सांगितलंय की. चरकसंहितेत रोजच्यासाठी सौवीरांजन आहे आणि रसांजन पाचव्या किंवा आठव्या रात्री, डोळ्यातलं पाणी काढायला. पण सौवीरांजन हे खनिज आहे, शोधन करून वापरायचं, आणि रसांजन दारुहळदीच्या काढ्यापासून करतात. पणतीच्या काजळीला चरकाचा शिक्का मारून विकणं मला पटत नाही. त्याच खनिजाच्या नात्यातला सुरमा, म्हणजे बाजारात चकचकीत काळ्या दगडाची पूड म्हणून मिळतो तो, पुष्कळदा चक्क शिशाचा सल्फाइड असतो. आपल्याकडे कॉस्मेटिकमध्ये रंगासाठी शिशाची किंवा आर्सेनिकची संयुगं वापरायला कायद्याने बंदी आहे, अमेरिकेत तर असला सुरमा रंग म्हणून विकायला परवानगीच नाही. लहान मुलाच्या अंगात शिसं किती गेलं तर चालतं याचं सुरक्षित असं प्रमाणच नाही असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तेव्हा घाटावर, जत्रेत, गाडीवर पुडीतला सुरमा मिळाला तर तो घेऊच नका, कितीही शुद्ध म्हणू देत.

लहान मुलांवरून आठवलं. तुमच्या लेखात बाळाचा फोटो होता, डोळे भरून काजळ. फोटो गोड आहे, मान्य. पण आशाताई घरोघरी जाऊन नवजात बाळाच्या डोळ्यात काजळ घालू नका म्हणून सांगतात आणि तुम्ही त्याच घरात हे पान पाठवता. नवजात बाळाच्या अश्रूंची बारीक नळी पुष्कळदा अजून पूर्ण उघडलेली नसते, त्यात काजळाचा लगदा, वर आपलं बोट, नख, संसर्ग व्हायला वेळ लागत नाही. काजळाने डोळे मोठे होतात हेही खरं नाही. सासूबाईंचं मन राखायचं तर तीट कानामागे लावा, दृष्टीचं काम तेवढ्यातही होतं, आमच्याकडे तोच तह झालाय.

मोठ्यांनी कुठे लावायचं तेही लिहायला हवं होतं. पापणीच्या आतल्या ओल्या कडेवर, जिला आम्ही वॉटरलाइन म्हणतो, तिथे तेलाच्या ग्रंथींची तोंडं ओळीने असतात. तिथून जे तेल येतं त्यामुळेच डोळ्यातलं पाणी पटकन सुकत नाही. रोज तिथे काजळ ओढलं की ती तोंडं बुजतात आणि मग रांजणवाडी, खाज, सकाळी चिपडं. २०१५ मध्ये कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाने एक छोटा अभ्यास केला होता, त्यात आतल्या कडेला लावलेलं आयलायनर बाहेरून लावलेल्यापेक्षा जास्त आणि लवकर डोळ्याच्या पाण्यात उतरलेलं दिसलं. ते पेन्सिल लायनर होतं, आपलं तुपातलं काजळ नव्हतं, पण तुपातलं तर आणखी पसरणार. म्हणून मी क्लायंटला पापणीच्या केसांच्या बाहेरून, मुळाशी लावते. लेन्स घालणाऱ्यांना तेलकट काजळ नाहीच, लेन्स धुरकट होते. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या काकूंनी डॉक्टर हो म्हणेपर्यंत काहीच लावायचं नाही, लग्न घरचं असलं तरी. आणि रात्री झोपताना काढायचं, कापसावर थोडं खोबरेल घेऊन, चोळायचं नाही.

डबीचं सांगते. घरात एक डबी, आई, मुलगी, काकू, आत्या सगळ्यांचं बोट तीत. २०२३ च्या पावसाळ्यात राज्यभर डोळ्यांची साथ आली होती ती आठवा, असल्या सामायिक डबीचं तेव्हा काय झालं असेल! प्रत्येकीची छोटी वेगळी डबी भरा, बोटाऐवजी धुतलेली कोरडी काडी वापरा. डोळे आले तर ती डबी फेकून द्या, जीव अडकवू नका, पुन्हा करता येतं.

आता राहिलेला माल. कोळशाचा मस्कारा, त्यात कोरफडीचा गर. कोळसा कितीही कुटला तरी कण खरखरीत राहतो आणि मस्कारा पापणीवरून डोळ्यात पडतोच पडतो. कोरफडीचा ताजा गर म्हणजे पाणीच, दोन-तीन दिवसात बिघडतो, फ्रिजमध्ये ठेवला तर थोडा जास्त टिकतो, आणि लेखात म्हणे जुन्या मस्काऱ्याच्या नळीत भरून ठेवा. जुनी नळी! विकतचा सीलबंद मस्कारासुद्धा उघडल्यावर तीन महिन्यात टाका असं डोळ्यांचे डॉक्टर सांगतात, त्यात प्रिझर्व्हेटिव्ह असतं तरी. दालचिनी तर डोळ्याजवळ अजिबात नको, पापणीची कातडी अंगावरच्या कातडीत सगळ्यात पातळ, तिथे दालचिनीने आग होते, लाल चट्टे उठतात. एकीने मला विचारलं घरचं कुंकू आयशॅडो म्हणून चालेल का, ते हळदीचंच असतं ना. हळदीला चुना किंवा तसलंच खारं काही लावूनच ती लाल होते बाई, चुना डोळ्याजवळ न्यायचा नाही. बीट निरुपद्रवी आहे पण उन्हात रंग उडतो, लावायला जावं गुलाबी आणि संध्याकाळी दिसावं मळकं. कोरडा कोको आणि आरारूट मिसळून पापणीच्या वर हलकं ब्रशने लावलं तर ठीक आहे, ते मी मुलींना गॅदरिंगसाठी सांगते, पण त्याला शिमर येत नाही आणि घामाने उतरतं हे पण सांगते.

शेवटी एक पैशाचा मुद्दा, कारण लेखात 'घरबसल्या व्यवसाय' असाही एक चौकोन होता. बचत गटातल्या माझ्या दोन मैत्रिणींनी लगेच डब्या आणायची तयारी सुरू केलीये. स्वतःसाठी काजळ धरणं वेगळं आणि विकणं वेगळं. कॉस्मेटिक बनवून विकायचं तर अन्न व औषध प्रशासनाचं लायसन्स लागतं, लेबलवर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, बॅच नंबर, घटक, कधी बनवलं आणि कधीपर्यंत वापरायचं हे सगळं लागतं, २०२० चे कॉस्मेटिक्सचे नियम आहेत त्यात आहे. हे न सांगता बायकांना प्रदर्शनात स्टॉल लावायला सांगणं म्हणजे उद्या दंड त्यांनी भरायचा.

माझी विनंती एवढीच की पुढच्या पुरवणीत दुरुस्तीची चौकट टाका, आणि डोळ्याच्या डॉक्टरांना एकदा दाखवून टाका, नाशिकमध्ये तर आरोग्य विद्यापीठच आहे, विचारायला कुणी मिळणार नाही असं नाही. जागा कमी असेल तर माझं बाकीचं सगळं कापा, पण कल्हईची ताटली, पूजेचं तेल आणि बाळाचे डोळे एवढं नक्की छापा.

आपली,
एक पार्लरवाली वाचक,
सिडको, नाशिक