वेरूळ मंगळवारी बंद असतं, कोविडमुळे नाही

प्रति,
मॅनेजमेंट, हॉलिडे पॅकेजेस

विषय: 13 ते 15 डिसेंबर 2020, अजिंठा-वेरूळ पॅकेज, रिफंड

पाचवा कॉल आत्ता संपला, म्हणजे तुमच्याच बाजूने कट झाला, म्हणून आता लेखी देतेय.

पॅकेज तुमचंच आहे तेव्हा समजावून सांगत बसत नाही. 'ऑल एंट्री इन्क्लुडेड', चार जण, 21,600 रुपये, वर 'कोविड सेफ हँडलिंग' म्हणून 799. हँडलिंग म्हणजे गाडीत ठेवलेली सॅनिटायझरची एक बाटली, तीही अर्धी. 10 डिसेंबरला लेण्या उघडल्या आणि त्याच दिवशी तुमचा मेसेज आला, 'नऊ महिन्यांनी पुन्हा खुलं, सर्वात आधी तुम्ही!' मार्चपासून घरात बसून वैतागलो होतो, आईला शाळेच्या सहलीत पाहिलेलं कैलास लेणं परत बघायचं होतं, म्हणून दुसरीकडे चौकशीही न करता बुक केलं. ती चूक माझी.

रविवारी अजिंठा. फर्दापूरच्या फाट्यावर गाडी सोडली, एसटीच्या बसने चार किलोमीटर आत गेलो, गेटवर तुमचं व्हाऊचर दाखवलं. गार्ड म्हणाला, ताई यावर क्यूआर कुठाय? तिकीट खिडकी बंद, फक्त ऑनलाइन, सकाळ-दुपार वेगवेगळे स्लॉट. आता हा नियम काय आदल्या रात्री आला होता का? ताजमहाल 21 सप्टेंबरला उघडला तोही असाच, खिडकी बंद, दिवसाला 5000 माणसं. म्हणजे तुम्हाला अडीच महिने होते. तुमचं व्हाऊचर म्हणजे तुमच्या लोगोखाली आमची नावं, बास. आणि त्या दरीत मोबाईलला रेंज नाही, ऑनलाइन काढणार कसं? परत बसने फाट्यावर आलो, तिथे स्फटिकाचे दगड विकणाऱ्या एका माणसाने स्वतःच्या फोनवरून तिकिटं काढून दिली, वर एक रुपया जास्त घेतला नाही. नऊ महिने त्याचा धंदा बंद होता, तुमचा नाही. बरं, 15 वर्षांखालच्या मुलांना एंट्री फुकट असते, आणि तुमच्या बिलात माझ्या नऊ वर्षांच्या मुलाचंही तिकीट लावलंय! दुपारचा स्लॉट मिळाला, तोवर आई इतकी दमली होती की पहिल्या दोन लेण्या बघून खालीच बसली. तरी म्हटलं जाऊ दे, वेरूळ आहे अजून.

सोमवारी तुमचा प्लॅन 'आराम व पैठणी खरेदी'. मंगळवारी वेरूळ.

संध्याकाळी ड्रायव्हरनेच विचारलं, मॅडम उद्या वेरूळ कसं करणार, मंगळवार आहे ना. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी बंद. कोविडच्या कितीतरी आधीपासून हेच आहे, औरंगाबादमध्ये कुठल्याही रिक्षावाल्याला विचारा. सोमवारी आम्ही साड्या बघत होतो तेव्हा वेरूळ 30 किलोमीटरवर उघडं होतं. सोमवारी!

आता आजचा कॉल. अकरा मिनिटं ती बासरीची ट्यून ऐकल्यावर तुमच्या माणसाने फोन घेतला आणि बुकिंग नंबर विचारला, पाचव्यांदा. सगळं पहिल्यापासून सांगितलं. तो म्हणाला, 'मॅम, कोविडमुळे मॉन्युमेंट बंद असेल तर रिफंड होत नाही.' मी म्हटलं कोविडमुळे नाही हो, मंगळवारमुळे. 'हो मॅम, पण बंद होतं ना?' हो, होतं. 'मग ते फोर्स मेज्योरमध्ये येतं मॅम, आपल्या कंट्रोलच्या बाहेरचं.' मी विचारलं, काय, मंगळवार? तर शांतपणे म्हणतो, 'हो मॅम.' म्हणजे भूकंप, महापूर, साथीचा रोग आणि मंगळवार. मी म्हटलं दादा, मंगळवार दर आठवड्याला येतो. यावर तो होल्डवर टाकून गेला, परत येऊन म्हणाला 'सीनियरशी बोललो, तुम्हाला गुडविल म्हणून 500 चं कूपन देतो, गोव्याच्या पॅकेजवर, 90 दिवसांत वापरायचं.' मी म्हटलं मला गोवा नकोय, माझे पैसे हवेत. तर म्हणे, 'मॅम, लेण्या तर तिथेच आहेत, परत कधीही बघू शकता.' हे वाक्य तुमच्या ट्रेनिंगमध्ये शिकवतात का त्याने स्वतः केलं? कॉल रेकॉर्ड होतो असं तुम्हीच सांगता, तर ऐका एकदा. माझी आई 71 वर्षांची आहे, गुडघे गेलेत, ती 'परत कधीही' येणार आहे का?

मी चिडून लिहायचं नाही असं ठरवलं होतं, पण नऊ महिने या क्षेत्रातल्या सगळ्यांचे हाल झाले, गाईड, डोलीवाले, छोटे दुकानदार, आणि उघडल्यावर पहिल्याच आठवड्यात तुम्ही त्याच कोविडच्या नावाखाली स्वतःचा गाढवपणा झाकताय याचा राग येतो. याच कंपनीकडून आम्ही आधी दोन ट्रिपा केल्यात, बहिणीलाही तुमचंच नाव सांगितलं होतं. आता तिचे टोमणे ऐकतेय.

मला वेरूळच्या दिवसाचे पैसे, मुलाच्या तिकिटाचे पैसे आणि ते 799 परत हवेत. कूपन नको. सात दिवसांत झालं नाही तर ग्राहक आयोगात जाणार. नवा ग्राहक संरक्षण कायदा 20 जुलैपासून लागू झालाय, त्यात मी राहते तिथेच तक्रार करता येते, तुमच्या हेड ऑफिसच्या गावाला यायची गरज नाही. व्हाऊचर, बिल, ड्रायव्हरचे मेसेज सगळं जपून ठेवलंय.

आणि तो मंगळवार अजून तुमच्या वेबसाइटवर तसाच आहे, आत्ता बघितलं. डिसेंबरअखेरची बुकिंग चालू आहेत, तिसरा दिवस वेरूळ, मंगळवार 29. निदान तेवढं तरी आजच्या आज बदला.

उत्तर मेलवरच द्या. बुकिंग नंबर इथे लिहीत नाही, पाच वेळा सांगितलाय.