शिकोकूची पायवाट

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. ‘देवळं किती पाहिलीस ते राहू दे, वाट कशी होती ते लिही,’ असं तू म्हणतोस. नर्मदेची परिक्रमा पायी केलेला माणूसच असं विचारणार. म्हणून आज निवांत लिहायला बसलोय.

शिकोकू हे जपानच्या चार मोठ्या बेटांतलं सगळ्यात लहान बेट. त्याच्या किनाऱ्यानं आणि डोंगरांतून ८८ देवळांना जोडत सुमारे १,२०० किलोमीटरची वाट बेटाला वळसा घालते. ही वाट कूकाईची. तो ७७४ साली याच बेटावर जन्मला, ८०४ साली चीनला गेला, तिथून मंत्रमार्गी बौद्ध विद्या घेऊन परतला आणि त्यानं शिंगोन पंथाची स्थापना केली. लोक त्याला कोबो दाइशी म्हणतात. ८३५ साली कोया पर्वतावर तो वारला, असं त्याचे भक्त मानतच नाहीत. तो अजून ध्यानात बसला आहे, आणि त्याच्यासाठी आजही रोज दोनदा नैवेद्य वाहून नेतात. आळंदीला माथा टेकणाऱ्यांना हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

मी सगळी वाट चाललो नाही. आवा प्रांत, म्हणजे आजचा तोकुशिमा, सलग पायी केला, पुढं तोसा प्रांतातल्या मुरोतोच्या टोकापर्यंत गेलो, आणि शेवटी सानुकी प्रांतातला काही भाग. पांढरा अंगरखा, गवती टोपी आणि हातात काठी. ही काठी म्हणजे खुद्द दाइशी. मुक्कामाला पोचलं की आपले पाय धुण्याआधी काठीचं टोक धुवायचं आणि तिला चांगल्या जागी उभी करायची. पुलावर ती टेकवायची नाही, कारण दाइशींनी एकदा पुलाखाली रात्र काढली होती. न जाणो, आजही ते खाली झोपले असतील. एकट्यानं चालणाऱ्याच्या टोपीवरही ‘दोघं वाटसरू’ असंच लिहिलेलं असतं. दिवसभर माणूस दिसला नाही तरी एकटं वाटलं नाही, हे मी मनापासून सांगतो.

सगळ्यात कठीण टप्पा अकराव्या देवळापासून, फुजिइदेरापासून, बाराव्या शोसान्जीपर्यंतचा. तेराएक किलोमीटर जंगल, चढ, उतार, पुन्हा चढ. वर एका प्रचंड सुरूसारख्या वृक्षाखाली दाइशींची उंच मूर्ती एकदम समोर येते. दम लागलेला असतो, घामानं डोळे चुरचुरत असतात, आणि हात आपोआप जोडले जातात. तेविसाव्या याकुओजीनंतर मात्र सत्तरपंचाहत्तर किलोमीटर एकही देऊळ नाही. डावीकडे समुद्र, उजवीकडे डोंगर आणि मध्ये डांबरी रस्ता. मुरोतोला ती गुहा आहे जिथं तरुण कूकाईनं साधना केली म्हणतात.

पण मला तुला सांगायचं आहे ते ओसेत्ताईबद्दल. तिथले गावकरी यात्रेकरूला जे देतात ते. तुझं सदावर्त आठव, पण इथं बहुतेक वेळा आश्रम नाही, पंगत नाही. एकटं माणूस एकट्या माणसाला देतं. शेतातून परतणाऱ्या एका आजींनी रस्ता ओलांडून येऊन माझ्या हातात दोन संत्री ठेवली, आणि मी वाकायच्या आत त्याच हात जोडून वाकल्या. आधी काठीला, मग मला. मला इतकं अवघडल्यासारखं झालं! ओसेत्ताई नाकारायची नाही, हा नियम. कारण देणारा तुला देत नसतो, तुझ्याबरोबर चालणाऱ्या दाइशींना देत असतो. शिवाय ज्याला गुडघ्यांमुळे किंवा घरच्या व्यापामुळे निघता येत नाही, त्याची यात्रा तुझ्या पायांनी होत असते. बदल्यात तू तुझं नाव लिहिलेली कागदाची चिठ्ठी द्यायचीस. जुन्या घरांत अशा चिठ्ठ्या गवताच्या पोत्यात भरून आढ्याला टांगत, घराचं रक्षण व्हावं म्हणून. आपल्याकडे आपण द्यायला शिकतो; घ्यायला कुणी शिकवत नाही. त्या वाटेवर मी घ्यायला शिकलो, आणि चालण्यापेक्षा ते मला जड गेलं.

हे सगळं सुखाच्या सहलीतून आलेलं नाही बरं. तो पांढरा अंगरखा म्हणजे कफन. वाटेत मरण आलं तर तिथंच पुरायचं आणि काठी खूण म्हणून रोवायची. महारोगी, असाध्य दुखण्याचे, घरानं टाकलेले लोक पूर्वी इथं फिरत राहायचे, कारण याच वाटेवर त्यांना कुणीतरी वाढत असे. झाडीत शेवाळलेल्या लहान समाध्या दिसतात. मी प्रत्येकीपाशी थांबत गेलो.

जुने दिशादर्शक दगडही असेच थांबवतात. शिन्नेन नावाच्या साधूनं १६८७ मध्ये या यात्रेची मार्गदर्शिका छापली आणि दगडही रोवले. पुढं नाकात्सुकासा मोहेईनं तर ही प्रदक्षिणा २८० वेळा केली आणि दोनशेहून अधिक दगड उभारले. त्याला जाऊन शंभर वर्षं झाली, तरी वळणावर त्याच्या दगडावरचा हात अजून रस्ता दाखवतो.

देवळात गेल्यावर आधी मुख्य मंदिरासमोर, मग दाइशींच्या मंदिरासमोर हृदयसूत्र हे छोटं बौद्ध सूत्र म्हणायचं. बसमधून आलेली पन्नासेक माणसं एका सुरात म्हणत होती, आणि शेवटी ‘ग्यातेई ग्यातेई’ आलं तेव्हा आपलं ‘गते गते पारगते’ ओळखून माझ्या अंगावर काटा आला. सानुकीत मी कोन्पिराच्या शिंतो, म्हणजे जपानच्या मूळ धर्माच्या, देवस्थानालाही गेलो, ७८५ पायऱ्या चढून. दर्यावर्द्यांचा हा देव गंगेतल्या मगरीच्या रूपातल्या कुंभीराशी जोडलेला. १८६८ मध्ये सरकारनं बुद्ध आणि शिंतो देव वेगळे करायला लावले, म्हणून आज तिथं फक्त शिंतो पूजा चालते. हुकमानं देव वेगळे झाले खरे, पण लोक दोन्हीकडे हात जोडतात.

एक काळजी सांगतो. वाटेवरची गावं रिकामी होत चालली आहेत. बंद घरं, ओसाड वाफे. पायवाटेवरचं गवत काढणारे, विसाव्याच्या खोपटात चहाचा थर्मास ठेवणारे बहुतेक सत्तरीपुढचे दिसले. बसगाड्या १९५३ पासून यात्रेकरू नेतात. देवळं त्यांच्यावर चालतील. पायवाट मात्र चालणारा आणि देणारा, दोघं असले तरच राहील. म्हणून म्हणतो, फार लांबवू नकोस.

तुकड्या-तुकड्यांनी केलेली यात्राही तिथं पूर्ण मानतात. तेव्हा आधी आवातली तेवीस देवळं घे. मार्चअखेर निघ किंवा ऑक्टोबरात, उन्हाळा टाळ. देवळातले शिक्के आणि अक्षरं वहीत घ्यायची तर पाचच्या आत पोचायला हवं, तेवढं चालण्याचं गणित सांभाळ. नकाशा आणि माझी काठी तुला देतो. वहिनींनाही विचार, त्यांची चाल तुझ्यापेक्षा बरी आहे. तारखा ठरल्या की कळव. मुरोतोपासून पुढची तोसाची वाट माझी राहिली आहे. तिथं मी तुम्हाला येऊन मिळेन.

काकूंना साष्टांग नमस्कार.

तुझाच,
मित्र