बदल गरजेतून घडत नाहीत

महोदय,

'प्राण्यांनी गरजेनुसार स्वतःत बदल घडवून आणले' असे विधान उत्क्रांतीविषयीच्या लेखनात सर्रास आढळते. ते चुकीचे आहे. एकाच जातीच्या जीवांमध्ये उत्परिवर्तनांमुळे, म्हणजे जनुकांत आपसूक घडणाऱ्या बदलांमुळे, आणि लैंगिक प्रजननात होणाऱ्या जनुकांच्या फेरजुळणीमुळे भेद आधीपासूनच असतात. भोवतालची परिस्थिती त्यांतील काहींना इतरांपेक्षा अधिक संतती मागे ठेवू देते, एवढेच नैसर्गिक निवडीचे काम. विषाणूला दाद न देणारी उत्परिवर्तने जिवाणूंमध्ये विषाणूशी गाठ पडण्यापूर्वीच घडलेली असतात, हे लुरिया व डेलब्रुक या शास्त्रज्ञांनी १९४३ मध्ये प्रयोगाने दाखवून दिले.

प्रशांत महासागरातील गॅलापागोस द्वीपसमूहातील डॅफ्नी मेजर या लहानशा बेटावर पीटर व रोझमेरी ग्रँट या जीवशास्त्रज्ञ दांपत्याने केलेला फिंच पक्ष्यांचा अभ्यास तर, माझ्या मते, कोणत्याही व्याख्येपेक्षा अधिक बोलका आहे. १९७७ च्या अवर्षणात बारीक, मऊ बिया संपत गेल्या आणि मोठ्या, टणक बिया फोडू शकणारे जाड चोचीचे पक्षीच प्रामुख्याने तगले. चोचीची जाडी बऱ्याच अंशी आनुवंशिक असल्याने त्यांच्या पिलांच्या पिढीतही सरासरी चोच आधीपेक्षा जाड भरली. दुष्काळ पडला म्हणून एकाही प्रौढ पक्ष्याची चोच वाढली नव्हती. बदलले ते समूहातील प्रमाण. पुढे १९८३ च्या अतिवृष्टीनंतर बारीक बिया मुबलक झाल्या, तेव्हा निवडीचा कल उलट फिरून लहान चोचींकडे झुकला, त्यामुळे उत्क्रांतीला प्रगतीची शिडी समजणेही तितकेच गैर ठरते.

आपला,
एक वाचक