अठ्ठेचाळीस केसपेपर आणि आपले रद्दीतले गठ्ठे

मा. संपादक,
स. न.

आपल्या रविवारच्या पुरवणीत कर्करोग आणि जनुके यांवर आलेला लेख आवडला. लहान मुलांच्या डोळ्यांत होणाऱ्या रेटिनोब्लास्टोमा या कर्करोगाचा त्यात उल्लेख आहे आणि डॉ. आल्फ्रेड नुडसन यांचे नावही आहे. पण त्यांनी आपला सिद्धांत कशाच्या आधारावर मांडला, याबद्दल लेखात एक ओळही नाही. माझी सारी नोकरी रुग्णालयाच्या अभिलेख कक्षात, केसपेपरच्या रॅकमध्ये गेली. म्हणून ही राहिलेली गोष्ट लिहून पाठवते आहे.

नुडसन यांचा जन्म १९२२ सालचा, लॉस एंजेलिसचा. वैद्यकीची पदवी त्यांनी कोलंबिया विद्यापीठातून घेतली, ते बालरोगतज्ज्ञ झाले आणि मग पुन्हा विद्यार्थी होऊन १९५६ मध्ये कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतून पीएच.डी. मिळवली. पुढे ते टेक्सासमध्ये ह्यूस्टनला आले. तिथल्या एम. डी. अँडरसन रुग्णालयात या आजाराची जी मुले येऊन गेली होती, त्यांच्यापैकी ४८ जणांच्या नोंदी त्यांनी अभ्यासाला घेतल्या. २३ मुलांच्या दोन्ही डोळ्यांत गाठी होत्या, २५ मुलांच्या एकाच डोळ्यात. निदान झाले तेव्हा मूल किती महिन्यांचे होते, आजार एका डोळ्यात की दोन्ही, गाठी किती, घरात आणखी कुणाला हा त्रास होता का, एवढीच माहिती त्यांना हवी होती. आमच्या भाषेत सांगायचे तर केसपेपरच्या पहिल्या पानावरचे रकाने.

कोणत्या वयापर्यंत किती मुलांचे निदान व्हायचे बाकी होते, याचा त्या रकान्यांवरून त्यांनी आलेख काढला. दोन्ही डोळ्यांत गाठी असलेल्या मुलांचे निदान फार लवकर झालेले होते आणि लघुगणकी कागदावर त्यांचे बिंदू एका सरळ रेषेत उतरत गेले. एकाच डोळ्यात गाठ असलेल्यांची रेषा मात्र आधी रेंगाळली, मग वाकून खाली आली. नुडसन यांनी याचा अर्थ असा लावला की गाठ होण्यासाठी पेशीत दोन बिघाड व्हावे लागतात. काही मुले पहिला बिघाड जन्मतःच घेऊन येतात, त्यांना फक्त दुसरा पुरतो. बाकीच्यांच्या बाबतीत दोन्ही बिघाड पुढे एकाच पेशीत घडावे लागतात, म्हणून तिथे वेळ लागतो आणि गाठही बहुधा एकच होते. पहिला बिघाड घेऊन जन्मलेल्या मुलाला सरासरी तीन गाठी होतात, असा त्यांचा हिशेब होता. सरासरी तीन धरली तर शंभरातल्या साधारण पाच जणांना एकही गाठ होणार नाही, हेही त्याच गणितातून निघते. आजोबांना आजार, वडील ठणठणीत आणि नातवाला पुन्हा आजार, असे एखाद्या घरात का दिसते, ते यातून उलगडले. घरातल्या बाईला दोष देऊन मोकळे होणाऱ्यांनी एवढे तरी वाचावे, असे मला फार वाटते.

१९७१ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात हा निबंध आला. चार पानांचा, लेखक एकटे नुडसन. या आजाराचे जनुक तेव्हा कुणी पाहिलेले नव्हते. पुढच्याच वर्षी त्यांनी डॉ. लुईस स्ट्राँग यांच्यासोबत मुलांच्या मूत्रपिंडातल्या विल्म्स ट्यूमरला हाच विचार लावून पाहिला. दोन बिघाड म्हणजे एकाच जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी होणे, याचा पुरावा इतर शास्त्रज्ञांना १९८३ मध्ये मिळाला, आणि तेराव्या गुणसूत्रावरचे ते आरबी-१ जनुक १९८६ मध्ये हाती आले. पंधरा वर्षांनी गणित खरे ठरले. पेशीची वाढ रोखून धरणारी जनुके असतात आणि ती बंद पडली की कर्करोग होतो, ही आज पाठ्यपुस्तकात असलेली गोष्ट या मार्गाने आली. नुडसन १९७६ पासून फिलाडेल्फियाच्या फॉक्स चेस कर्करोग केंद्रात होते. १९९८ मध्ये त्यांना लास्कर पुरस्कार मिळाला, २००४ मध्ये क्योटो पुरस्कार. २०१६ मध्ये, ९३ व्या वर्षी ते गेले.

आता आपल्याकडचे सांगते. दाखल रुग्णांची कागदपत्रे डॉक्टरांनी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपावीत, असे भारतीय वैद्यक परिषदेचे २००२ चे विनियम सांगतात. तीन वर्षे ही कमीत कमी मुदत आहे, पण प्रत्यक्षात अनेक ठिकाणी ती शेवटची मुदत धरली जाते. जागा नाही, वाळवी लागली, रॅक मोडले, की निर्लेखनाची, म्हणजे जुने कागद काढून टाकण्याची, यादी निघते आणि गठ्ठे रद्दीत जातात. दीड वर्षाच्या बाळाचा डोळा काढला असेल, तर ते बालवाडीत जायच्या वयाचे होते तेव्हा त्याचा कागद नाहीसा झालेला असू शकतो.

माझ्या निवृत्तीच्या थोडे आधी एक तरुण खिडकीशी आला. एक डोळा कृत्रिम, सोबत गरोदर बायको. "ताई, माझा लहानपणीचा कागद सापडेल का?" पुण्याच्या डॉक्टरांनी त्याला विचारले होते की दुसऱ्या डोळ्यात बारीक गाठ होती का, निदान कितव्या महिन्यात झाले, काढलेल्या डोळ्याचा पॅथॉलॉजीचा अहवाल आहे का. आई वारलेली, वडिलांना एवढेच आठवत होते की पोराचा डोळा मांजरासारखा चमकायचा. कागद केव्हाच निकालात निघाला होता. दोन्ही डोळ्यांत आजार झालेल्याच्या प्रत्येक अपत्याला तो सदोष जनुक मिळण्याची शक्यता निम्मी असते. एकाच डोळ्यात आजार झालेल्यांपैकीही साधारण सातातल्या एकाचा आजार आनुवंशिक असतो. आज रक्ततपासणी आहे, हे खरे. पण एका डोळ्याच्या रुग्णात जुन्या गाठीचा नमुना मिळाला तर उत्तर अधिक नेमके येते. तो मुलगा रिकाम्या हाताने जिना उतरला, ते माझ्या मनातून जात नाही. आनुवंशिक प्रकारातून बऱ्या झालेल्यांना पुढे हाडांचा किंवा इतर कर्करोग होण्याचा धोकाही जास्त असतो, विशेषतः लहानपणी किरणोपचार झाले असतील तर. कुणाला किती किरणोपचार दिले, हे कागदाशिवाय कोण सांगणार?

२०१७ मध्ये या आजाराचे निदान झालेल्या १५३ देशांतल्या ४,३५१ मुलांचा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. श्रीमंत देशांत निदानाचे मध्यक वय सुमारे १४ महिने, सर्वांत गरीब देशांत ३० महिन्यांच्याही पुढे. श्रीमंत देशांत कर्करोग डोळ्याबाहेर पसरलेला असे क्वचितच आढळले, गरीब देशांत जवळपास निम्म्या मुलांत. हा फरक दिसला तोही 'निदानाचे वय' या रकान्यामुळे. खिडकीवर घाईत बसलेला लिपिक तिथे नुसते 'बालक' लिहितो, तेव्हा नेमकी हीच माहिती हातची जाते.

राज्याच्या सार्वजनिक आरोग्य आणि वैद्यकीय शिक्षण विभागांकडे माझी मागणी अशी आहे की बालकर्करोगाचे केसपेपर निर्लेखनातून वगळावेत आणि मूल किमान तीस वर्षांचे होईपर्यंत राखावेत. वय महिन्यांत लिहिणे, दोन्ही डोळ्यांची तपासणी वेगवेगळी नोंदवणे आणि आई-वडील व भावंडांच्या डोळ्यांचा इतिहास विचारणे सक्तीचे करावे. डोळा काढला असल्यास पॅथॉलॉजी अहवालाची एक प्रत पालकांच्या हातात द्यावी. पालकांनीही ती शाळेच्या दाखल्याबरोबर जपावी. फ्लॅशच्या फोटोत बाळाची बाहुली पांढरी दिसली किंवा नजर तिरळी वाटली, तर त्याच आठवड्यात नेत्रतज्ज्ञाकडे जावे. हा आजार डोळ्यातच असताना सापडला तर बहुतेक मुले वाचतात.

जागेअभावी पत्र कापावे लागले तर नुडसन यांचे पुरस्कार गाळावेत, पण केसपेपर निर्लेखनातून वगळण्याची मागणी ठेवावी, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त वैद्यकीय अभिलेखापाल, सांगली
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे)