फोनवर जमत नाही म्हणून लिहिते

बंगळूर,
शनिवार, रात्री

ती. आई आणि बाबांना,
सा. न. वि. वि.

पत्र बघून आधी घाबरू नका. काही झालेलं नाही. नोकरी चालू आहे, तब्येत धडधाकट आहे, पगार वेळेवर होतो. पोस्टमन दारात उभा राहिला म्हणजे काहीतरी वाईटच, हा आईचा समज मला माहीत आहे, म्हणून हे सगळ्यात आधी लिहून टाकते. रजिस्टरने पाठवणार होते, पण रजिस्टर आता स्पीड पोस्टातच मिसळून टाकलंय. तेव्हा तसंच पाठवते. बाबा, सही चष्मा लावून करा.

हे फोनवर बोलता आलं नसतं. आई मालिका संपली की फोन लावते, बाबा तो स्पीकरवर टाकतात, मागे कुकरच्या शिट्ट्या, कट्ट्यावर समोरच्या मावशी बसलेल्या, ‘काय म्हणती पोरगी?’ म्हणून कान टवकारून. एवढ्या भरल्या दरबारात मी काय सांगणार? बरं आहे म्हणते आणि जेवलात का विचारते.

तर खरं सांगायचं म्हणजे, मला इथे करमत नाही.

कुणी त्रास देत नाही. ऑफिसात थोडंफार राजकारण आहे, ते कुठे नसतं? वरचा साहेब माणूस म्हणून चांगला आहे. कामही मला आवडतं. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या आणि त्याचे पैसे घ्यायचे. आई, हा गुण तुझ्याकडूनच आलाय. म्हणूनच सांगायला अवघड जातं. बोट ठेवावं असं काही नाही, आणि तरी सकाळी उठले की छातीवर ओझं असतं. आले तेव्हा वाटलं होतं, नवी जागा आहे, रुळेन हळूहळू. सोबत आलेल्या मुली रुळल्या. मी अजून पाहुणीच.

आई, तू दर उन्हाळ्यात म्हणतेस, तुमच्याकडची हवा किती छान, आम्ही इकडे बेचाळीस-त्रेचाळीसमध्ये भाजायलोय. हवा छान आहे, खोटं कशाला बोलू. भर एप्रिलमध्येही पहाटे बाबांनी दिलेली चादर ओढून घ्यावीशी वाटते. पण नुसत्या हवेवर माणूस किती दिवस काढणार?

माझी खोली बेळंदूरला, ऑफिस मारतहळ्ळीच्या पुढे. अंतर म्हणाल तर आपल्या सोलापुरात अशोक चौकातून विजापूर रोडला जाण्याएवढं. बाबांच्या स्कूटीवर पंधरा-वीस मिनिटं, तीही वाटेत दोघांशी बोलून. इथे पाऊस नसला तर पाऊण तास, आणि पाऊस असला की देवाचं नाव घ्यायचं. रिंग रोडवर मेट्रोचे खांब उभे राहिलेत, गाडी अजून नाही. बसच्या खिडकीतून ते खांब बघत रोज जाते-येते. आल्यावर जेवण, आणि साडेनऊला अमेरिकेतल्या लोकांशी कॉल. तुझा फोन कधीकधी कापते तो त्याच्यामुळे.

रविवार मात्र वाईट. गेल्या रविवारी पार्सल घेऊन आलेल्या मुलाला मी ओटीपी सांगितला. संध्याकाळी लक्षात आलं, दिवसभरात तोंडातून तेवढे चार आकडेच निघालेत.

घरी होते तेव्हा घरातून निघून चौकातल्या दुकानापर्यंत जाईस्तोवर तिघंजण विचारायचे, कुठं निघालीस, काय आणायलीस, बाबा काय करायलेत. किती चिडायचे मी! कॉलेजात असताना मागच्या बोळाने जायचे, कुणी भेटू नये म्हणून. इथे मागचा बोळ, पुढचा रस्ता सगळं सारखंच. कुणी काही विचारत नाही. लोक म्हणतात, हेच मोठ्या शहराचं सुख. असेल बाबा.

भाषेची अडचण असेल असं तुम्हाला वाटेल, तर तसंही नाही. सोलापूरच्या पूर्व भागात वाढलेल्या पोरीला कन्नड आणि तेलुगू काय नवी? आमच्या मजल्यावर एक विजयवाड्याची मुलगी आहे. पहिल्याच दिवशी मी तिच्याशी तेलुगूत बोलले तर ती पोट धरून हसली. म्हणाली, हे तेलंगणातलं, तेही आजी-पणजीच्या वेळचं! बरोबरच आहे, आपल्या गल्लीतल्या पद्मशाली लोकांचे आजे-पणजे तिकडूनच माग घेऊन आले. एक मुलगी कोचीची आहे, दोघी ओडिशाच्या. सगळ्या चांगल्या. जिन्यात भेटलो की हसतो. कानात गाणी चालू असतात प्रत्येकीच्या, त्यामुळे हसण्याच्या पुढे काही जात नाही. गणपतीत गांधीनगरच्या महाराष्ट्र मंडळातही जाऊन आले. तिथे मराठी ऐकून बरं वाटलं, पण जो तो विचारतो, पुण्यात कुठे? सोलापूर म्हटलं की ‘अच्छा, चादर!’ आणि गप्पा आटोपल्या.

एकदाच मला इथे मनापासून करमलं होतं, ते सांगते. हसू नका. 2024 च्या मार्चमध्ये बंगळुरात पाण्याचे हाल झाले, बोअर आटले, टँकरचे भाव भडकले. तुम्ही टीव्हीवर बघून फोनही केला होता. आमच्या मालकिणीने प्रत्येकीला दिवसाला दोन बादल्या असा नियम काढला. पोरी रडकुंडीला आल्या. एक तर सामान बांधायला निघाली. आणि मी? चौथ्या-पाचव्या दिवशी नळ बघत मोठी झालेली मी! मला दोन बादल्या म्हणजे चैन वाटली. मग मीच मुकादम झाले. अर्ध्या बादलीत आंघोळ कशी करायची, कपड्याचं पाणी संडासाला कसं ठेवायचं, पिण्याचं कुठलं आणि वापरायचं कुठलं, सगळं शिकवलं. कोचीच्या मुलीला घेऊन बाजारात गेले आणि निळं टिपाड आणलं. ते रिक्षात मावेना. शेवटी ती आत बसली, टिपाड तिच्या मांडीवर आडवं, मी कोपऱ्यात एक पाय बाहेर काढून, आणि रिक्षावाला कन्नडमध्ये आमचा उद्धार करतोय. टँकर आला की सगळा मजला खाली. कुणी पाइप धरतंय, कुणी नंबरावरून भांडतंय, कुणी सगळ्यांसाठी चहा करतंय. रात्री जिन्यातच बसून जेवायचो. ओडिशाच्या दोघी सख्ख्या बहिणी आहेत हे मला तेव्हा कळलं, तोवर शेजारीच राहत असून!

मग पाऊस झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरात कावेरीच्या पाण्याची पाचवी योजना सुरू झाली. आपल्या उजनीसारखंच तेही शंभरेक किलोमीटरवरून पंपाने चढवून आणतात. नळ वाहू लागले आणि दारं परत लागली. टिपाड गच्चीवर उपडं पडलंय, त्यावर कबुतरं बसतात. पाण्याची टंचाई संपली म्हणून हळहळणारी सोलापूरची बाई मी पहिलीच असेन.

हल्ली शनिवारी एका खानावळीत जाते. विजापूरकडच्या एक अक्का चालवतात. कडक भाकरी, भरलं वांगं, कांदा, दही. शेंगाचटणी असते, पण मिक्सरमधली. आई, उखळात कुटून तेल सुटलेली ती तुझी चटणी वेगळीच. तरी भाकरी हाताने मोडल्याचा आवाज आला की निम्मं पोट तिथेच भरतं. मधे एका शनिवारी ऑफिसचं काम निघालं म्हणून गेले नाही. पुढच्या वेळी अक्कांनी ताट ठेवता ठेवता विचारलं, गेल्या शनिवारी का आली नाहीस, आजारी होतीस काय? आणि उत्तराची वाट न बघता वरून तूप वाढून गेल्या. एवढ्या मोठ्या शहरात मी आले नाही हे कुणाच्या तरी लक्षात आलं होतं. घास घशाखाली उतरेना माझ्या.

आता आई म्हणेल, ये निघून, भाजी-भाकरी काय कमी आहे का आपल्याला. बाबा म्हणतील पुण्याला बदली माग, दादा आहे तिथे. आत्याच्या कानावर गेलं तर ती पंधरा दिवसांत एखादं स्थळ घेऊन उभी राहील, म्हणून तिला यातलं अक्षर सांगायचं नाही. दादाला पुण्यात फार करमतंय का? मग शुक्रवारी संध्याकाळी धावतपळत हुतात्मा एक्स्प्रेस का पकडतो तो? बाबा, सोलापुरात आयटी पार्क होणार ही बातमी तुम्ही कापून कपाटात ठेवलीय, दादाने मला त्याचा फोटो पाठवला. होऊ दे, चांगलंच आहे. पण ते होईस्तोवर मी हात बांधून बसायचं नाही. तुम्ही पतसंस्थेचे हप्ते भरून मला शिकवलंत ते घरी बसायला नाही. मी इथून निघेन तेव्हा दुसरं चांगलं काम हातात घेऊनच निघेन. आत्ता ये म्हणू नका. म्हणालात तर मला यावंसं वाटेल, तीच तर भीती आहे.

मग हे सगळं लिहून तुमच्या जिवाला घोर का लावला? त्याचं कारण समोरच्या मावशींचं स्टेटस. बाबांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं हे मला त्यांच्या स्टेटसवरून कळलं! काळा चष्मा, हातात शहाळं, खाली ‘गेट वेल सून काका’ आणि तीन गुलाब. त्याच रात्री फोनवर तुम्ही म्हणालात, आम्ही मजेत. मीही म्हणाले, मी मजेत. दोन्हीकडून नुसती मजाच मजा! दादाला विचारलं तर म्हणाला, बाबांनीच दटावलं होतं, तिला सांगू नको, उगाच सुट्टी टाकून येईल. आले असते तर काय बिघडलं असतं? डोळ्यात औषध घालायला तरी माणूस झालं असतं.

तेव्हापासून तुमच्या ‘मजेत’वर माझा विश्वास नाही. रात्री पडल्या पडल्या हेच डोक्यात फिरतं. पाणी येतं त्या दिवशी वरच्या टाकीत कोण भरतं? मोटर बिघडली की आई अजून कळश्या चढवते का? गुडघ्याला पट्टा घेतला होता तो वापरतेस, की देवघराच्या फडताळात आहे? बीपीची गोळी निम्मी कुणाच्या सांगण्यावरून केलीस? डॉक्टरांच्या, की मावशींच्या?

आणि बाबा, स्पीकरचं मला कळलंय. इतके दिवस वाटायचं, तुम्हाला सगळ्या गल्लीला ऐकवायची हौस आहे. परवा आईने दोनदा हाक मारली, मला इथे ऐकू आली, तुम्हाला शेजारी बसून आली नाही. सारा जन्म मागांच्या खडखडाटात गेला, कानात कधी कापसाचा बोळाही घातला नाहीत. आता तपासून घ्या. यंत्र लावायला लागलं तर लावायचं, त्यात कमीपणा नाही. पैसे मी पाठवते, आणि ते बँकेत टाकून ठेवायचे नाहीत.

तेव्हा आपण एक ठरवू. इथलं जे असेल ते मी लिहीन, चांगलं आणि वाईटही. तिथलं तुम्ही लिहायचं. मला काळजी वाटेल, तुम्हालाही वाटेल. वाटू दे. खोट्या मजेपेक्षा ती बरी, निदान आपल्याच माणसाची असते.

सिद्धेश्वराच्या जत्रेला, गड्ड्याला येतेय. उद्यान एक्स्प्रेसचं तिकीट काढलंय, अक्षता सोहळ्याच्या दोन दिवस आधी दुपारच्या जेवणाला घरी. बाबा, बाराबंदी घालून नंदीध्वजांच्या काठ्यांच्या मागे अडुसष्ट लिंगांची सगळी वाट चालायचा बेत असेल, तर आधी डोळ्याच्या डॉक्टरांना विचारा. गर्दी असते, धूळ असते. ते हो म्हणाले तर मी बरोबर चालेन, नाही म्हणाले तर आपण दोघं कट्ट्यावर जागा धरून बसू. आई, चटणी आत्ता पार्सलने पाठवू नकोस, येताना मीच आणेन. फक्त किलोभर जास्त कुट, अक्कांना द्यायची आहे. त्यांना कळू दे उखळातली कशी लागते.

उत्तर पत्रानेच पाठवा. आईने सांगायचं आणि बाबांनी लिहायचं असं मात्र नको. दोघांनी वेगवेगळं लिहा, एकमेकांना न दाखवता. आई बाबांबद्दल लिहील, बाबा आईबद्दल. तरच मला खरं काय ते कळेल.

तुमची,
सोनी