तीर्थनच्या थंड पाण्यात

धंतोली, नागपूर
५ नोव्हेंबर

प्रिय सुध्या,

तुझा फोन आला तेव्हा मी परतीच्या गाडीत होतो. "एवढ्या लांब जाऊन मासा पकडला आणि परत सोडून दिला? अबे, मग गेला कशाला होतास?" असं म्हणून तू जे खिदळलास ते अख्ख्या डब्यानं ऐकलं. आता घरी आलोय, दिवाळीचा चिवडा पुढ्यात आहे, तर सविस्तर लिहितो.

दिल्लीहून मनालीच्या बसमध्ये बसायचं आणि बोगद्याच्या अलीकडे औटला उतरायचं. तिथून बंजार, पुढे गुशैणी. तीर्थन नदी ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कच्या वरच्या डोंगरांतून येते आणि खाली लारजीला बियासला मिळते. ऑक्टोबर संपत आला होता. घरांच्या छपरांवर मक्याची कणसं वाळत घातलेली, मध्येच राजगिऱ्याचे लालभडक तुरे. ऊन दरीत उशिरा उतरतं आणि चार वाजले की निघून जातं. त्यामुळे पहाटे उठून नदीवर धावण्यात काही अर्थ नसतो. पाणी इतकं गार असतं की अकरा-साडेअकरापर्यंत मासा जागचा हलत नाही. उन्हानं पाणी जरासं तापलं की पाण्यातले किडे सुटतात आणि मग खेळ सुरू होतो. माझ्यासारख्या उशिरा उठणाऱ्याची सोयच झाली म्हण ना!

आपण अंबाझरीवर गांडूळ लावून बसायचो तेव्हा गळाला शिसं बांधायचो आणि शिशाच्या वजनानं दोरी लांब जायची. इथे उलटं आहे. पिसं आणि धागा गुंडाळून केलेली माशी असते नखाएवढी, तिला वजनच नाही. वजन असतं ते दोरीला. रॉड मागे नेला की दोरी हवेत उलगडत जाते. ती पाठीमागे पूर्ण सरळ होईपर्यंत थांबायचं आणि मगच पुढे आणायचं. घाई केली की सगळा गुंता डोक्यावर. संक्रांतीला पतंगाची ढील देताना मांजा कधी ताणला गेला हे न बघताच बोटाला कळायचं ना, तसंच हे. माझा हात बसला तो त्या जुन्या सवयीनं, असं मला तरी वाटतं.

पण खरी गंमत फेकण्यात नाही, पाणी वाचण्यात आहे. इथला मासा म्हणजे ट्राउट, थंड पाण्यातला. तो प्रवाहाकडे तोंड करून उभा राहतो. बहुतेकदा दगडाच्या आडोशाला, जिथे ताकद कमी लागते आणि वरून वाहत येणारं खाणं आपसूक तोंडाशी येतं. म्हणून आपण खालच्या बाजूनं, त्याच्या पाठीमागून जायचं. माशी त्याच्या पुढे, प्रवाहाच्या वरच्या बाजूला टाकायची आणि पाण्याबरोबर मोकळी वाहू द्यायची. मधल्या जोरदार धारेनं दोरी ओढली आणि माशी थोडी जरी घसटत गेली, तरी तो तोंड फिरवतो. खऱ्या किड्याला कुणी दोरीनं ओढत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक असतं.

लागलेला मासा दोन वितींपेक्षा जरा कमी असेल. पाठ शेवाळी तपकिरी, पोट पिवळं, अंगावर काळे ठिपके आणि अधूनमधून लाल. प्रत्येक लाल ठिपक्याभोवती फिकट कडं. आधी हात पाण्यात भिजवायचे, कारण कोरड्या हाताला त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघून येतो आणि मग त्याला बुरशी लागू शकते. गळाला अडकवणारा उलटा काटा नव्हता, चिमट्यानं अलगद सुटला. प्रवाहाकडे तोंड करून त्याला पाण्यातच धरून ठेवलं. कल्ले नीट चालायला लागले, शेपटीनं माझ्या मनगटावर एक फटका मारला आणि गेला.

आता तुझा प्रश्न. परवाना होता, ठेवला असता तरी चाललं असतं. पण हिमाचलात १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर ट्राउटची मासेमारी बंद असते आणि त्याचं कारण मी डोळ्यांनी पाहिलं. आमच्या वाटाड्यानं एका जागी हात धरून थांबवलं. उथळ पाण्यात खडीचा एक तुकडा आजूबाजूपेक्षा उजळ दिसत होता. तिथे मादी कुशीवर वळून शेपटीनं खडी उडवत होती, खळगा करत होती. त्यात अंडी घालून ती वरून पुन्हा खडी सारते आणि निघून जाते. अंडी अख्खा हिवाळा खडीच्या फटींत राहतात, स्वच्छ गार पाणी त्यांच्यामधून वाहत राहतं. गाळ बसला की गुदमरून मेली. अशा खडीवर पाय पडला तरी संपलं. ते पाहिल्यावर त्या दिवसांत मासा पिशवीत घालायला माझा तरी हात होईना.

एक मात्र सांगतो. हा ब्राऊन ट्राउट तिथला नाहीच. साहेबांना घरची आठवण यायची म्हणून त्यांनी विलायतेहून अंडी काश्मिरात आणली आणि १९०९ मध्ये तिथून ती कुल्लूत आली. तिथला मूळचा मासा वेगळाच. त्याला स्नो ट्राउट म्हणतात, पण तो आपल्या रोहूच्या कुळातला. पाहुणा आडदांड निघाला, दुसऱ्यांची पिल्लं खातो. ही गोष्ट मला अजून नीट पचलेली नाही.

तर आता मुद्द्याचं. १ मार्चला हंगाम उघडतो. मार्चअखेर निघू, कारण पुढे बर्फ वितळायला लागलं की पाणी गढूळ होतं. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी सुरू होतं, तेव्हा जानेवारीतच ठरवायला हवं. तू पुण्याहून थेट दिल्लीला ये, मी इथून येतो. वेडर्स, म्हणजे पाण्यात उतरायच्या जलरोधक विजारी, तिथे भाड्यानं मिळतील, पण लोकरीचे मोजे दोन जोड्या आण. गुडघ्याचं निमित्त सांगू नकोस, भैताडा. काठानं चालायचं आहे, जालोरी खिंड चढायची नाही. वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
नंदू

ता. क. खाल्ला का, असं विचारशीलच. खाल्ला, पण तो टाक्यात वाढवलेला रेनबो ट्राउट, मोहरीच्या तेलात तळलेला. काटे कमी, चव नाजूक. सावजी मसाल्यात घातला तर त्या बिचाऱ्याचा पत्ताही लागायचा नाही. रश्श्याला आपला मरळच बरा.