सिरपूरचा काठ बांधू नका

महोदय,

इंदूरच्या धार रोडवरच्या सिरपूर तलावाला कडेनं दगडी पिचिंग करावं, म्हणजे दगड रचून काठ पक्का करावा, फरशी घालावी, रात्री मोठे दिवे लावावेत, असं तिथं फिरायला येणाऱ्यांच्या तोंडून हल्ली वरचेवर ऐकू येतं. आमच्या मंडळाच्या सहलीतही तोच विषय निघाला. उन्हाळ्यात पाणी आटलं की चिखल उघडा पडतो, शेवाळाला वास येतो आणि स्वच्छतेत २०१७ पासून पहिल्या नंबरावर आलेल्या शहराला हे शोभत नाही, असं त्यांचं म्हणणं.

इंदूरच्या स्वच्छतेचा अभिमान मलाही आहे. पण हा चिखल म्हणजे कचरा नव्हे. त्यात अळ्या, किडे, गोगलगायी असतात आणि त्यांवर पक्षी जगतात. लांब गुलाबी पायांचा शेकाट्या पक्षी उथळ पाण्यातून एकेक पाऊल उचलत, चोच बुडवत जातो. काठ उभा बांधला की पाणी तिथंच खोल होणार, मग त्यानं चालायचं कुठं? थापट्या बदकं आणि वारकरी पक्षी पोहून निभावून नेतील. शेकाट्या आणि तुतवार हे काठानं चालणारे पक्षी नाही नेऊ शकणार.

टिटवी तर उघड्या जमिनीवरच अंडी घालते. एकदा नातू पुढं धावला आणि ती किंचाळत आमच्या डोक्यावर झेपावली, म्हणून जागीच थांबलो. दोन हातांवर चार खड्यांच्या आळ्यात अंडी होती, मातकट, काळ्या ठिपक्यांची. बघता बघता मातीत हरवून जायची. मी शाळेत वर्षानुवर्षं जीवशास्त्र शिकवलं, पण अशी अंडी इतक्या जवळून तेव्हाच पाहिली. ही जागा ‘रिकामी पडली आहे’ असं कुणी म्हटलं की मला फार वाईट वाटतं.

होळकरांच्या काळातला हा तलाव वाचवायला भालू मोंढे आणि त्यांचे सोबती वर्षानुवर्षं खपले आहेत. मोंढ्यांना २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली. २०२२ मध्ये सिरपूर आणि इंदूरजवळचा यशवंतसागर हे दोन्ही तलाव रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, गेले, आणि २०२५ मध्ये इंदूर व उदयपूर ही देशातली पहिली रामसर पाणथळ शहरं ठरली. हा मान पाणपक्ष्यांच्या जागेमुळे मिळालेला आहे. शिवाय २०१७ च्या पाणथळ जागांच्या नियमांप्रमाणे सरासरी पूररेषेपासून ५० मीटरच्या आत, बोटींचा धक्का सोडला तर, पक्कं बांधकाम करता येत नाही.

वयस्कर माणसांना बाकं हवीत, स्वच्छतागृह हवं, हे मला पूर्ण मान्य आहे. ते वर, झाडांच्या बाजूला करा. रात्रीचे दिवे मात्र नकोतच.

हिवाळ्यात सहली काढणाऱ्या आपल्या मराठी मंडळांना एक विनंती: सकाळी लवकर पोचा, स्पीकर घरी ठेवा, पक्ष्यांना ब्रेड आणि शेव टाकू नका. आणि जमलं तर मंडळाच्या वर्गणीतून एक दुर्बीण घ्या, मुलांना आळीपाळीनं पाहता येईल.

एक निवृत्त शिक्षिका,
लोकमान्यनगर, इंदूर